अवजड जॅकला गाडीत जागा कोणती द्यावी

फार्म जॅक या नावाने ओळखला जाणारा लांब, उभा जॅक आता जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत अनेकांच्या थार, बोलेरो, जिप्सी आणि गुरखा गाड्यांवर दिसू लागला आहे, आणि ज्या ठिकाणी तो बसवलेला असतो त्यांपैकी बहुतेक ठिकाणे त्याच्यासाठी योग्य नाहीत, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. जॅक कोणता घ्यावा यावर लोक खूप विचार करतात, पैसेही खर्च करतात. मात्र तो ठेवायचा कुठे, हा प्रश्न वेल्डिंगच्या दुकानात गाडी उभी केल्यावरच सुचतो आणि तिथे जो अँगल हाताशी असेल त्यावर सुटतो. या लेखात मी फक्त जागेचा विचार करणार आहे, कारण चुकीच्या जागी ठेवलेला चांगला जॅक गरजेच्या वेळी हाती येत नाही आणि अपघाताच्या वेळी नको तिथे येतो.

ज्यांनी हे यंत्र जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. भोके पाडलेली एक मजबूत पोलादी पट्टी, तळाशी लहानसा पाया आणि त्या पट्टीवर दोन खिळ्यांच्या आधाराने एकेक भोक वर चढणारी यंत्रणा, एवढीच त्याची रचना असते. अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या ब्लूमफिल्ड गावी १९०५ पासून हाय-लिफ्ट जॅक तयार होत आला आहे आणि बाजारातले बहुतेक फार्म जॅक त्याच घडणीचे असतात. शेतातले खांब उपटणे, कुंपणाच्या तारा ताणणे, अवजारे उचलणे यांसाठी हा जॅक मुळात वापरला जाई; गाडीशी त्याचे नाते नंतर जडले. तो ३६, ४२, ४८ आणि ६० इंच अशा लांबींत मिळतो. त्यांतला ४८ इंची जॅक सर्वाधिक चालतो. त्याची लांबी सुमारे १२२ सेंटिमीटर आणि वजन १३ किलोच्या आसपास भरते. गाडीसोबत मिळणारा जॅक आसनाखाली किंवा बॉनेटच्या आत मावतो, हा मावत नाही, आणि सगळी अडचण तिथूनच सुरू होते.

वजन १३ किलो म्हणजे फार नाही, असे वाटण्याची शक्यता आहे, म्हणून एक हिशेब मांडतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने चाललेली गाडी समोरच्या ट्रकवर आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर गाडीतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे १४ पट जोर येतो. याचा अर्थ १३ किलोचा जॅक त्या क्षणी १८० किलोच्या ओझ्यासारखा पुढे ओढ घेतो, आणि त्याला जखडून ठेवणारी गोष्ट जर प्लास्टिकची पट्टी, सायकलचा रबरी ताण किंवा सामानाच्या कप्प्यातली एखादी हुक असेल, तर ती टिकण्याचा प्रश्नच उरत नाही. मागच्या आसनामागे सैल पडलेला जॅक ही मला सर्वांत धोकादायक जागा वाटते, आणि दुर्दैवाने सर्वाधिक गाड्यांत तो असाच पडलेला असतो. मुले मागे बसतात, त्यांच्या पाठीशी हे लोखंड मोकळे असते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

आता बाहेरच्या जागांकडे वळतो. छतावरचा कॅरियर ही पहिली आवडती जागा. छायाचित्रात ती छान दिसते, पण गाडीवरचे वजन जितके वर जाईल तितकी गाडी वळणावर अधिक कलते, आणि आपल्या उंच गाड्या मुळातच या बाबतीत फारशा समाधानकारक नाहीत. शहाद्याकडून म्हसावदमार्गे तोरणमाळचा घाट चढणाऱ्याला किंवा चाळीसगावहून कन्नडच्या घाटात शिरणाऱ्याला हे निराळे सांगण्याची गरज नाही. छतावर जॅक एकटाही नसतो. त्याच्यासोबत फावडे, पाण्याचे कॅन, कधी दुसरी स्टेपनी असे सामान चढत जाते आणि उत्पादकाने छतासाठी घालून दिलेली वजनाची मर्यादा केव्हा ओलांडली जाते ते कळत नाही. त्याहून महत्त्वाचा मुद्दा असा की जॅक लागतो तेव्हा गाडी सरळ उभी नसते. ती एका बाजूला कललेली असते, पायाखाली चिखल असतो, आणि अशा वेळी डोक्यावरच्या उंचीवरून १३ किलोचे लांबट लोखंड एकट्याने खाली घेणे हे मनगट किंवा काच, दोहोंपैकी काहीतरी गमावण्यासारखे आहे. सातपुड्याच्या आतल्या अरुंद वाटांवर सागाच्या आणि बांबूच्या फांद्या छताला घासतात, हा त्रास आणखी वेगळा.

बॉनेटवर किंवा बॉनेटच्या बिजागऱ्यांवर बसवायचे ब्रॅकेटही मिळतात. मी त्यांच्या विरोधात आहे. चालकाच्या नजरेच्या रेषेत आडवे लोखंड आले की घाटातल्या तीव्र वळणावर पुढचा रस्ता नेमका त्याच्याआड जातो. शिवाय बॉनेटचा पत्रा आणि त्याच्या बिजागऱ्या फक्त बॉनेटचे वजन पेलण्यासाठी बनवलेल्या असतात. खडबडीत रस्त्यावर सतत थरथरणाऱ्या जॅकमुळे त्यांना तडे जातात. उन्हाचा विचारही आपल्याकडे करावाच लागतो. भुसावळ आणि जळगावला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. वरून ऊन आणि खालून इंजिनची धग लागलेले काळे लोखंड उघड्या हाताने धरता येत नाही. पुढच्या बंपरवर जॅक बसवणे तर त्याहून चुकीचे आहे. रेडिएटरला मिळणारी हवा अडते, आणि धडक झाल्यास पादचाऱ्याला जी इजा बंपरच्या प्लास्टिकमुळे कमी झाली असती ती लोखंडामुळे जीवघेणी होते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून गाड्यांच्या पुढच्या लोखंडी गार्डवर मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाखाली कारवाई करण्यास सांगितले, त्यामागे हेच कारण होते. गार्ड लावणे चुकीचे असेल, तर गार्डच्या जागी आडवा जॅक लावणे बरोबर कसे ठरेल?

मागचा दरवाजा ही बोलेरो आणि थारच्या मालकांची सर्वांत लाडकी जागा आहे, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. या दरवाजावर आधीच स्टेपनी टांगलेली असते आणि रिम धरून तिचे वजन २५ ते ३० किलो होते. तिच्याही बाहेर, म्हणजे बिजागरीपासून आणखी दूर, १३ किलो वाढवले की बिजागऱ्यांवर पडणारा ताण नुसत्या वजनाच्या प्रमाणात वाढत नाही, तर अंतरामुळे त्याहून अधिक वाढतो. सपाट महामार्गावर दरवाजा हे सहन करीलही. पण अक्कलकुव्याहून मोलगीकडे किंवा धडगावच्या पुढे पाड्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर प्रत्येक खड्ड्यात हे वजन कित्येक पटींनी खाली आपटते, आणि काही महिन्यांत दरवाजा उतरू लागतो, कुलूप नीट बसत नाही, रबरी पट्टीच्या फटीतून फुफाटा आत येतो. जॅक स्टेपनीवर आडवा बांधला तर नंबर प्लेट आणि मागचे दिवे झाकले जाण्याचीही भीती असते.

माझ्या बोलेरोसाठी जागा ठरवायची होती तेव्हा जळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका अनुभवी फॅब्रिकेटरकडे गेलो होतो. मागच्या दरवाजाकडे बघून त्यांनी अहिराणीत एकच वाक्य सांगितले: "भाऊ, हाई वजन दरवाजानं नही, चासीनं शे." म्हणजे हे वजन चासीने, गाडीच्या खालच्या पोलादी सांगाड्याने, पेलायचे आहे, दरवाजाने नाही. बाहेरच जॅक ठेवायचा असेल तर चासीला जोडलेला, दरवाजापासून स्वतंत्र असा मागचा बंपर आणि त्यावर फिरणारा स्टेपनीचा हात, हीच एक बाहेरची व्यवस्था मला मान्य होते; त्यात वजन चासीवर जाते आणि दरवाजा मोकळा राहतो. परंतु असा बंपर महाग पडतो, तो गाडीच्या लांबीत भर घालतो आणि मूळ रचनेत बदल होत असल्याने परिवहन कार्यालयाच्या नियमांत तो बसतो का, हे आधी विचारून घ्यावे लागते.

पायरीच्या जागी लावलेल्या लोखंडी नळीवर, म्हणजे दोन्ही चाकांमध्ये दाराखाली, जॅक बांधणारेही आहेत. वजन खाली राहते हे खरे आहे, पण तिथे तो दगडांवर घासतो आणि चाकांनी उडवलेला सगळा चिखल त्याच्या यंत्रणेत जातो.

चिखल आणि धूळ या दोन गोष्टी आपल्याकडे जागेचा निकाल लावतात, असे मला वाटते. या जॅकची सगळी मदार त्या दोन लहान खिळ्यांवर आणि त्यांच्या स्प्रिंगवर असते. खिळा भोकात पूर्ण शिरला तरच यंत्रणा वजन धरते. तापी आणि गिरणेच्या खोऱ्यातली काळी माती ओली असताना लोण्यासारखी चिकटते आणि वाळली की विटेसारखी कडक होते. ती खिळ्याच्या घरात वाळून बसली की खिळा अर्ध्यावर अडकतो, यंत्रणा एक भोक वर जाऊनही धरत नाही आणि हँडल उसळून तोंडावर येते. उन्हाळ्यातला बारीक फुफाटा तर तेल लावलेल्या कोणत्याही भागावर लेपासारखा बसतो. म्हणूनच बाहेर ठेवलेला जॅक ज्या दिवशी लागतो त्या दिवशी चालेल याची खात्री देता येत नाही. रेग्झिनचे आवरण घातले तर धूळ थोडी कमी होते, पण पावसाळ्यात आत गेलेले पाणी बाहेर येत नाही आणि गंज लागतो. बाहेर ठेवणे अटळ असेल त्यांनी आवरण तळाशी उघडे ठेवावे आणि यंत्रणेला घट्ट ग्रीस अजिबात लावू नये. रॉकेलने ब्रश मारून खिळे स्वच्छ करावेत आणि पातळ तेलाचे किंवा कोरड्या ग्रॅफाइटचे हलके बोट फिरवावे.

या सगळ्या कारणांनी मी जॅक गाडीच्या आत, फरशीवर, चासीच्या जितका जवळ जाईल तितका खाली ठेवतो. आतली जागा निवडतानाही दिशेचा विचार करावा लागतो. सर्वोत्तम व्यवस्था म्हणजे आसनाच्या पाठीमागे अगदी लागून, गाडीच्या रुंदीच्या दिशेने आडवा. समोरून धडक झाल्यास जॅकचा जोर त्याच्या पूर्ण लांबीवर विभागला जातो. गाडीच्या लांबीच्या दिशेने ठेवलेला जॅक मात्र सुटलाच तर त्याचे टोक भाल्यासारखे पुढच्या आसनात घुसते. अडचण अशी आहे की बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांच्या कमानींमध्ये १२२ सेंटिमीटर आडवी जागा मिळत नाही. ज्यांना ३६ इंची, म्हणजे सुमारे ९१ सेंटिमीटरचा जॅक पुरतो त्यांनी तो आडवाच बसवावा. फक्त हे लक्षात घ्यावे की उंच गाडी उचलताना आधी स्प्रिंग सैल होण्यातच बरीच उंची खर्च होते आणि चाक त्यानंतर जमीन सोडते, त्यामुळे लहान जॅक अनेकदा कमी पडतो.

आमच्या बोलेरोत तो आडवा मावला नाही. मागची समोरासमोरची आसने आम्ही सामानाच्या फेऱ्यांत वर दुमडूनच ठेवतो, म्हणून डाव्या चाकाच्या कमानीला लागून, लांबीच्या दिशेने जॅक बसवला आणि त्याच्या पुढच्या टोकासमोर जाड अँगलचा एक आडवा अडथळा फरशीला बोल्टने पक्का केला, म्हणजे धडकेत जॅकला पुढे सरकायला जागाच राहत नाही. डावी बाजू मुद्दाम निवडली आहे, कारण रस्त्यावर गाडी बंद पडली तर उजवीकडून वाहने जात असतात आणि जॅक काढताना माणूस रहदारीपासून दूर असावा. मागचा दरवाजा चिखलात किंवा उतारावर अडकून उघडत नसेल, तर मधले आसन पुढे दुमडून बाजूच्या दारातूनही जॅक बाहेर घेता येतो. आतली जागा निवडण्याचे माझ्या दृष्टीने हे सर्वांत मोठे कारण आहे. गाडी कोणत्या बाजूने रुतेल हे आपल्या हाती नसते, त्यामुळे जॅकपर्यंत पोहोचण्याचे दोन मार्ग असलेच पाहिजेत, आणि त्याच्यावर सामानाच्या पिशव्या रचायच्या नाहीत हा नियम घरातल्या सर्वांनी पाळला पाहिजे.

बसवण्याच्या कामात काही गोष्टींकडे दुर्लक्ष करू नये. फरशीला भोक पाडण्याआधी गाडी वर घेऊन खालून पाहावे, कारण डिझेलची टाकी, ब्रेकच्या नळ्या आणि वायरिंग नेमके तिथूनच गेलेले असू शकते. पत्र्याचा स्क्रू या कामाला चालत नाही; १० मिलिमीटर जाडीचे, ८.८ असा शिक्का असलेले बोल्ट आरपार घालून पत्र्याखाली किमान तळहाताच्या आकाराची, जाड पोलादी पट्टी द्यावी, नाहीतर धक्क्यात बोल्ट टिकतो आणि पत्रा फाटून तो वर येतो. सीट बेल्टच्या किंवा आसनाच्या मूळ बोल्टांवर जॅकचा भार कधीही टाकू नये. नट नायलॉनची कडी असलेले घ्यावेत, कारण साधे नट आपल्या रस्त्यांवर सैल होतात. भोकाच्या कडांना रंग आणि सीलंट लावले नाही तर पहिल्याच पावसाळ्यानंतर गंज धरतो. आणि गाडीवर कुठेही वेल्डिंग करायचे असेल तर बॅटरीची तार काढल्याशिवाय कारागिराला हात लावू देऊ नये. आजच्या गाड्यांचे इलेक्ट्रॉनिक भाग त्या प्रवाहाने जळू शकतात.

जॅक आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये ट्रकच्या जुन्या ट्यूबची पट्टी घातली की खडखडाट थांबतो. ठेवताना यंत्रणा पायाजवळ खाली आणून, हँडल पट्टीला क्लिपने घट्ट लावून आणि दिशा बदलणारी खिटी वरच्या स्थितीत ठेवून जॅक बसवावा. खिटी खालच्या स्थितीत राहिली तर भार नसलेली यंत्रणा पट्टीवर मोकळी सरकते. बंद गाडीत तिचा आवाज होतोच, शिवाय जॅक उचलताना ती बोटांवर घसरून येऊ शकते.

जॅकच्या जागेसोबत त्याच्या पायाखाली घालायच्या पाटाची जागाही ठरवली पाहिजे, कारण काळ्या जमिनीत पाटाशिवाय हा जॅक निरुपयोगी आहे. त्याचा पाया साधारण १० बाय १८ सेंटिमीटरचा असतो. गाडीची एक बाजू उचलताना ७०० किलो भार आला, तर दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ ४ किलो दाब पडतो, आणि पावसाळ्यातली काळी जमीन हा दाब सोसूच शकत नाही. गाडी वर येण्याऐवजी जॅक खाली जातो. ३० बाय ४५ सेंटिमीटरचा, जाड प्लायवूडचे दोन थर जोडून केलेला पाट खाली घातला की तोच दाब अर्ध्या किलोवर येतो. हा पाट, चाकांना लावायचे लाकडी ठोकळे आणि जाड हातमोजे आम्ही जॅकच्या शेजारीच पट्ट्याने आवळून ठेवतो. ते डिकीत सुटे टाकले, तर जॅक हाती येतो आणि पाट सामानाच्या तळाशी राहतो.

पिकअप वापरणाऱ्यांचा प्रश्न निराळा आहे आणि रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात अशा गाड्या पुष्कळ आहेत. माझ्या मोठ्या भावांची केळी यावल तालुक्यात आहे, त्यामुळे त्यांच्या गाडीची व्यवस्था मी जवळून पाहिली आहे. हौद्याच्या तळाशी जॅक ठेवला तर केळीचे घड रचल्यावर तो निघत नाही, आणि भरलेली गाडीच शेतरस्त्यावर रुतते, रिकामी नाही. हौद्याच्या बाहेर खाली ठेवला तर चिखल लागतो. म्हणून केबिनमागच्या लोखंडी गार्डच्या डाव्या कोपऱ्यात त्यांनी जॅक उभा लावला आहे: पाया हौद्याच्या फरशीवर टेकलेला, दोन ठिकाणी यू-बोल्टने गार्डला पकडलेला आणि यंत्रणा खाली. वजन थोडे वर जाते, ते मला मान्य आहे, पण केबिनची मागची भिंत मध्ये असल्याने माणसांना धोका कमी आहे आणि माल भरलेला असतानाही बाहेर उभे राहून नट सोडता येतात. ऊन, पाऊस आणि धूळ यांपासून मात्र तिथे सुटका नाही, त्यामुळे तो जॅक आमच्या बोलेरोतल्या जॅकपेक्षा कितीतरी अधिक वेळा साफ करावा लागतो. त्याला पट्टीच्या भोकातून एक कुलूपही घातले आहे, कारण उघड्या हौद्यातले असे लोखंड बाजार समितीच्या आवारात रात्रभर जागेवर राहीलच याची खात्री नसते. कुलपाची किल्ली गाडीच्या किल्लीच्याच कडीत असावी आणि कुलपातही पातळ तेल जात राहावे, नाहीतर ते धुळीने जाम होते.

नवे ब्रॅकेट बसवल्यानंतर पहिल्या खडबडीत प्रवासाहून आल्यावर सगळे नट पुन्हा पान्याने आवळावेत. पत्रा आणि रबर दोन्ही थोडे दबतात आणि जे घट्ट वाटत होते ते सैल झालेले आढळते. त्यानंतर मृगाच्या आधी एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा जॅक खाली काढून, सपाट जागी चाके अडवून, त्यावर गाडीचे एक चाक जमिनीवरून सुटेल एवढी गाडी उचलून पाहावी.